निवट्या, भरती आणि एक फसलेला प्रस्ताव

लोकलमध्ये असाल तर इअरफोन नीट लावा, कारण आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. मी बीएस्सीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. चेंबूर-मानखुर्दचा पट्टा म्हणजे माझं रोजचं जाणं-येणं. दरवर्षी कोणीतरी येऊन विचारतं, "मॅडम, मला स्वतःचा प्रोजेक्ट करायचाय. प्रपोजल कसं लिहू?"

हा प्रश्न आता जास्त ऐकू येणार. नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळाले, तर चौथं वर्ष संशोधनाचं घेता येतं. पण गुण मिळवायची सवय वेगळी आणि प्रश्न विचारायची वेगळी. बारावीपर्यंत आपल्याला प्रश्न छापून मिळतात. इथे प्रश्नच आपण आणायचा असतो, आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात.

पहिला मसुदा बहुतेक वेळा असा येतो: "कर्करोगावर औषधी वनस्पतींचा परिणाम." हा प्रश्न नाही, हा विषय झाला. त्यात अख्खी प्रयोगशाळा म्हातारी होईल. विषयाचा प्रश्न कसा करायचा, हे मला नीट कळलं ते एका मुलीमुळे. तिचं नाव सांगत नाही. ती ट्रॉम्बे कोळीवाड्यातली.

ट्रॉम्बे म्हटलं की लोकांना भाभा अणुसंशोधन केंद्र आठवतं. ते बरोबरच आहे. पण तिच्यासाठी ट्रॉम्बे म्हणजे जेट्टी, खाडीचा चिखल, तिवरांची झाडं आणि चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. निवटी हा मासाच, पण ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर चरतो. डोळे डोक्यावर, बेडकासारखे.

एका रविवारी एनएसएसच्या मुलांनी किनाऱ्याचा एक तुकडा साफ केला. पिशव्या, थर्माकोल, चपला, सगळं काढलं. हिच्या डोक्यात आलं: कचरा गेल्यावर निवट्या परत येतात का? मला प्रश्न फार आवडला. छोटा, घराजवळचा, खर्च जवळपास शून्य. ती दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बरोबर सातला जेट्टीवरून त्या तुकड्यातल्या निवट्या मोजायला लागली. आठवडाभर आकडे रोज चढत गेले. ग्राफ असा सुंदर की बघतच राहावं. मी म्हटलं, "छान! हाच प्राथमिक पुरावा म्हणून प्रस्तावात घाल." आणि सही केली.

समितीसमोर जायला चार दिवस होते. एका कागदासाठी मी तिच्या घरी गेले, तर आजी सुकट निवडत बसल्या होत्या. नातीने कौतुकाने ग्राफ दाखवला. आजींनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाय, सातला पाणी कुठं व्हतं, ते लिवलंय का तिनं?"

मी गप्प. कारण वहीत वेळ होती, तारीख होती, ढग होते. पाणी नव्हतं.

हिशोब बघा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात आणि कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आता हिची मोजणी सुरू झाली अष्टमीला. त्या दिवशी सकाळी सातला चिखल पाण्याखाली. निवट्या दिसणार कुठून? आठवड्याने पौर्णिमा आली, तेव्हा सातला ओहोटी. चिखल उघडा, निवट्या बाहेर. त्यातून पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाणी आणखी खोल ओसरतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तेवढं ओसरत नाही.

म्हणजे आमचा तो सुंदर ग्राफ चंद्राचा होता, साफसफाईचा नव्हताच.

मुलगी रडवेली झाली. "मॅडम, ग्राफ तसाच ठेवला तर? समितीला कुठे कळणार आहे?" खरं सांगू? माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. सही माझी होती. पण मग मी तिला विचारलं, "तुझा तुझ्या ग्राफवर विश्वास आहे का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते पान फाईलमधून काढलं.

पुढच्या चार दिवसांत आम्ही जे केलं, तीच खरं तर प्रस्तावाची तयारी. ती तुम्हाला सांगते.

एक. तुलना हवी. फक्त साफ केलेला तुकडा बघून चालत नाही, शेजारी न साफ केलेला तुकडाही हवा, आणि दोन्ही एकाच ओहोटीला मोजायचे. ट्रॉम्बेलाच भाभा केंद्रात बियांना किरणोत्सर्ग देऊन नव्या जाती तयार होतात. 'टीएजी-२४' हा भुईमूग तिथलाच, ट्रॉम्बे आणि अकोला यांच्या नावाचा. अशा कामात किरण दिलेल्या रोपांशेजारी किरण न दिलेली रोपं लावावीच लागतात. नाहीतर फरक किरणांचा की पावसाचा, कसं कळणार? हाच कंट्रोल.

दोन. मोजणी घड्याळावर नाही, त्या जिवाच्या वेळेवर. तिने लिहिलं: पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर. मोबाइलने एकाच जागेवरून फोटो. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, आणि आकड्याबद्दल शंका आली तर दुसरा माणूस पुन्हा मोजू शकतो.

तीन. ही चूक जीवशास्त्रात वारंवार होते, म्हणून लक्ष द्या. एका तुकड्यात शंभर निवट्या मोजल्या, तर तुमचे नमुने शंभर होत नाहीत. तुकडा एकच, म्हणून नमुना एकच. फळमाश्यांची एक बाटली, त्यात पन्नास माश्या, तरी बाटली एकच. तिने पाच साफ आणि पाच न साफ केलेले तुकडे घेतले, आणि कुठला साफ करायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

चार. वाचन. "निवटी" असं शोधलं तर कालवणाच्या रेसिपी येतात! बोलिओफ्थॅल्मस हे शास्त्रीय नाव टाकल्यावर निबंध सापडायला लागले. आधी जिवाचं शास्त्रीय नाव पक्कं करा.

पाच. परवानगी. कांदळवन ही कोणाच्या मालकीची मोकळी जागा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनं नष्ट करण्यावर बंदी घातली. वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्षही आहे. चिखलात उतरायचं असेल तर आधी अर्ज, आणि तो वेळ वेळापत्रकात धरायचा.

सहा. सगळ्यात अवघड. एक वाक्य पूर्ण करा: "मला अमुक दिसलं, तर माझं म्हणणं चुकलं." हे वाक्य जमत नसेल, तर अजून प्रश्न तयार नाही.

समितीने तिला हेच विचारलं, "फरक दिसला नाही तर?" ती म्हणाली, "तर कचरा नाही, दुसरं काहीतरी महत्त्वाचं आहे. मग मी चिखलाचा पोत बघेन." मग तिने स्वतःहून आधीच्या ग्राफची गोष्ट सांगितली. तुकडे दहावरून आठ करायला सांगून प्रस्ताव मंजूर झाला. तीन महिन्यांनी निकाल आला: स्पष्ट फरक नाही. तिने तसंच लिहिलं. आभारांत आजींचं नाव पहिलं होतं.

कॉलेजात विचारायला कोणी नसेल, तर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचं, १९७४ पासूनचं. पदवीच्या मुलांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून तिथे २००४ पासून 'एनआययूएस' नावाचा उपक्रम आहे. 'क्यूब' नावाच्या तिथल्याच दुसऱ्या उपक्रमात मुलं घरच्या घरी फळमाश्या, गांडुळं, गोगलगायी पाळून प्रयोग करतात. फळमाशी पकडायला पिकलेलं केळं आणि बाटली पुरते. "आमच्याकडे मशीन नाही" हे कारण तिथे चालत नाही.

तर या आठवड्याचा गृहपाठ. घराजवळचा एक जीव निवडा. कबूतर, गोगलगाय, गटाराकाठचं शेवाळ, काहीही. सात दिवस बघा आणि लिहा. आणि वहीत एक रकाना जास्त ठेवा, तुम्हाला महत्त्वाचं न वाटणाऱ्या गोष्टीसाठी. आमच्या वहीत तो रकाना पाण्याचा असायला हवा होता. तुमच्या वहीत कशाचा असेल, ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारून बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.