गांधीलमाशीचं पोळं: कधी काढावं, कधी राहू द्यावं



नवरात्र जवळ आलं की आपल्या घरांत झाडझूड सुरू होते. माळ्यावरची भांडी उतरतात, गोधड्या धुण्याला निघतात, कोपऱ्यातली जळमटं काढायला लांब काठीला झाडू बांधला जातो. नेमक्या याच दिवसांत पत्र्याखाली, तुळईला, पाण्याच्या टाकीच्या मागे गांधीलमाशीचं पोळं चांगलं तळहाताएवढं झालेलं असतं. पावसाळाभर अळ्यांची चंगळ असते, त्यामुळे त्यांचाही कुटुंबकबिला वाढलेला असतो. आपण खाली, त्या वर, आणि मध्ये तो झाडू. म्हणून आज हा विषय घेतला.

या कार्यक्रमासाठी आम्ही वाड्यावस्त्यांवर बोलत फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "ताई, पोळं जाळायचं कसं?" काढायचं कसं, असं कुणी विचारत नाही. जाळायचं, हे आधीच ठरलेलं असतं. काठीला चिंधी बांधायची, रॉकेल नाहीतर डिझेल ओतायचं आणि पेटता बोळा वर धरायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ती सोडून द्या, हेच आज मुख्यतः सांगायचं आहे. गांधीलमाशीचं पोळं कागदाचं असतं. माशी जुन्या लाकडाचा, कुंपणाच्या दांडक्याचा भुसा खरवडते, तोंडात लाळेत कालवते आणि त्याचा पातळ करडा कागद करून घरं बांधते. ते क्षणात पेटतं आणि जळतं तुकडं होऊन खाली पडतं. खाली काय असतं? कडब्याची गंज, गोठा, सरपण, वाळत घातलेले कपडे. वर पोळ्याबाहेर गेलेल्या माश्या परत येतात त्या चिडलेल्याच. शिवाय हे सगळं आपण स्टुलावर नाहीतर शिडीवर चढून करतो. एक माशी तोंडाशी आली की हात सुटतो. नांगीने होणार नाही एवढी इजा त्या पडण्याने होते.

दुसरी रीत म्हणजे शेतातलं फवारणीचं औषध पंपात भरून वर मारणं. डोक्यापेक्षा उंच जागी फवारलं की ते औषध आपल्याच तोंडावर, डोळ्यांत उतरतं आणि उरलेलं पिठाच्या डब्यावर, पाण्याच्या हंड्यावर बसतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. मोकळ्या शेतात जे होतं ते बंद घरात जास्तच होईल.

मग करायचं काय? त्याआधी वर कोण बसलंय ते ओळखायला हवं. आपण सगळ्यांनाच गांधीलमाशी म्हणतो, पण वागणं एकीचं एक, दुसरीचं दुसरं.

घरात जास्त दिसते ती सडपातळ, तांबूस किंवा पिवळसर, लांब लोंबत्या पायांची. तिचं पोळं उघडं असतं. एका बारीक देठाला टांगलेलं, घरांची तोंडं खाली, उलट्या छत्रीसारखं. आपल्याकडच्या अशाच एका तांबूस गांधीलमाशीचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं, की या पोळ्यातली राणी इतर माश्यांहून वेगळी दिसतही नाही आणि दांडगाईही करत नाही. ती गेली तर दुसरी एक तिची जागा घेते आणि बाकीच्या ते मान्य करतात. सासूपण न गाजवता चालणारं घर असतं म्हणा ना! ही माशी वाटेने जाणाऱ्याच्या मागे लागत नाही. पोळ्याला धक्का लागला तरच येते.

दुसरी मोठी, काळीभोर, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. उडताना तिचा आवाज जाड येतो. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, कधी जमिनीतल्या बिळात पोळं करते, त्यामुळे पोळं दिसतच नाही. दिसतात ते एकाच भोकातून आत-बाहेर करणारे मोठे किडे. हीच काळी माशी त्या छोट्या तांबूस माश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांची पिल्लं पळवते. तिच्या भोकात काठी घालायची नाही, पाणी ओतायचं नाही, रात्री सिमेंटने भोक बुजवायचंही नाही, कारण बुजवलं तर त्या दुसरी वाट काढतात, आणि ती घराच्या आतल्या बाजूनेही निघू शकते. हे काम कीड नियंत्रण करणाऱ्या माणसाचं. पैसे लागतात हे खरं आहे, पण इथे ते वाचवू नयेत.

तिसरी कुंभारीण. खिडकीच्या चौकटीला, देवघराच्या कोनाड्यात मातीचं गाडगं करणारी. कीर्तनात तुम्ही ऐकलं असेल, कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिचा ध्यास घेऊन तिच्यासारखी होते. दृष्टांत गोड आहे. प्रत्यक्षात ती नांगी मारून कोळी किंवा अळी लुळी करते, आत ठेवते, त्यावर अंडं घालते आणि बाहेर येतं ते तिचंच पिल्लू, अळी खाऊन मोठं झालेलं. ही एकटी राहते, पोळ्यासाठी अंगावर धावून येत नाही. तिच्या मातीला घाबरायचं कारण नाही. भिंत रंगवायची असेल तेव्हा खरवडून काढा.

आणि झाडाला, पुलाखाली, मोठ्या इमारतीच्या सज्जाखाली लोंबणारं ते आग्या मोहोळ. त्या मधमाश्या. ते कुणीही घरच्या घरी काढायचं नाही, धूर करायचा नाही, पोरांना दगड मारू द्यायचा नाही. माहितगार मध काढणाऱ्याला बोलवा. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. मधमाशी पाळायला शिकवतात. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' झालं. मधमाशी मारून कुणाचंच भलं होत नाही.

आता छोट्या उघड्या पोळ्याकडे वळू. ते काढायचंच असं नाही. परसाच्या टोकाला, शेवग्याच्या उंच फांदीवर, कुणाचा हात पोचत नाही अशा जागी असेल तर असू द्या. या माश्या पिल्लांना अळ्या चावून भरवतात. कोबीवरची, वांग्यावरची, मिरचीवरची अळी त्या उचलून नेतात. परसबागेतला हा फुकटचा गडी आहे.

पण पोळं दाराच्या चौकटीला, नळाजवळ, पाळण्याच्या वर, संडासाच्या दाराला, शाळेच्या वाटेवर असेल, किंवा घरात कुणाला आधी माशी चावून अंगभर त्रास झाला असेल, तर काढायलाच हवं. तेही लहान असताना.

इथे आपल्या बायकांच्या हातातलं एक काम आहे. पंधरवड्यातून एकदा मान वर करून घराभोवती फिरायचं. पत्र्याखालचे लोखंडी पाइप, विजेच्या मीटरची पेटी, उन्हाळ्यानंतर बंद पडलेला कुलर, टाकीची खालची बाजू, बरेच दिवस न उघडलेली खिडकी, उभ्या ट्रॅक्टरची सीट. नवं पोळं एका-दोन माश्यांचं असतं, घरं मोजून पाच-सहा, रुपयाच्या नाण्याएवढी. ते भल्या पहाटे लांब काठीने पाडलं की काम झालं. दोन दिवसांनी ती परत त्याच जागी येते, चिवट असते. पुन्हा पाडा. जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. पाइपांची तोंडं चिंध्यांनी नाहीतर सिमेंटने बुजवा, मात्र आधी आत कुणी नाही ना, ते बघून. पोळं तळहाताएवढं होईपर्यंत वाट बघण्यात काही शहाणपण नाही.

तळहाताएवढं झालंच असेल आणि जमिनीवर उभं राहून पोचता येत असेल, तर एक साधा उपाय आहे. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं पातळ साबण घाला. लांब धार जाईल असा बागेचा पंप घ्या. किड्यांना नाक नसतं, ते अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतात. साबणाचं पाणी त्यांत शिरतं आणि त्या गुदमरून पडतात. वेळ रात्रीची, पूर्ण अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात तेव्हा. बॅटरी हातात धरू नका, माशी उजेडाकडे येते. ती बाजूला ठेवा आणि काचेवर लाल कागद लावा, लाल रंग त्यांना नीट दिसत नाही. अंगात पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, डोक्याला-तोंडाला ओढणी, डोळ्यांना चष्मा. मागे पळायला मोकळी वाट आणि घराचं दार उघडं. लेकरं आत, कुत्रं बांधलेलं. सकाळी हालचाल नाही याची खात्री करून पोळं पाडा आणि पुरून टाका. शिडी लागत असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही, माणूस बोलवा.

एका मैत्रिणीची मुलगी अमेरिकेत आहे. तिने विचारलं, तिकडे अंगणात 'यलो जॅकेट' म्हणून पिवळ्या-काळ्या माश्या असतात, त्यांचं काय? त्या बहुधा जमिनीतल्या उंदराच्या जुन्या बिळात राहतात. गवत कापायचं मशीन वरून गेलं की बाहेर पडतात, शीतपेयाच्या डब्यात शिरतात. तिकडे कडक थंडी पडली की सगळं पोळं मरतं, फक्त नव्या राण्या लपून वाचतात आणि पुढच्या वर्षी नवी सुरुवात करतात. म्हणून लांबच्या पोळ्याला तिकडे हिवाळ्यापर्यंत थांबा म्हणतात. आपल्याकडे तशी थंडी नाही. थंडीत आपोआप जाईल, या भरवशावर दारातलं पोळं ठेवू नका. डब्याची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. उसाचा रस, काकवी, झाडाखाली सडलेले पेरू-चिकू यांवर माशी येतेच. रसाचा पेला ओठाला लावण्याआधी आत बघा.

आता चावलीच तर. पोळं हललं आणि माश्या उठल्या की हात झाडत उभं राहू नका. पदराने तोंड झाका, पळा, घरात शिरून दार लावा. मेलेली माशी चिरडू नका. तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या चिडतात. मधमाशीची नांगी कातडीत अडकून राहते, ती नखाने लगेच खरवडून काढायची. गांधीलमाशीची अडकत नाही, त्यामुळे ती एकटीही चार-चार वेळा डंख करते.

चावलेली जागा साबणाने धुवा, कापडात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं ठेवा. हाताला चावली असेल तर अंगठ्या, बांगड्या आधी काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. सासूबाईंना मोकळा हात चालत नसेल तर दुसऱ्या हातातल्या राहू द्या. चुना लावू नका, कातडी भाजते. शेण, माती तर अजिबात नाही. लोखंड घासतात, ते थंड असतं म्हणून क्षणभर बरं वाटतं, एवढाच त्याचा गुण. चावलेल्या जागेची सूज दुसऱ्या दिवशी वाढू शकते, पुढे उतरते. तिला भिऊ नका.

भ्यायचं कशाला ते नीट ऐका. चावली हाताला आणि गांध्या उठल्या अंगभर. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलटी झाली, चक्कर आली. हे काही मिनिटांत होतं, कधी तासाभरात. यात घरचा कुठलाच उपाय चालत नाही, आणि माणूस जातो तो यातच. लागतं ते ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीत. ते दुर्मिळ नाही, महागडंही नाही, पण वेळेवर मिळायला हवं. १०८ ला फोन लावा, किंवा जे वाहन हाताशी आहे त्यातून जवळच्या दवाखान्यात न्या. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा. चालवत नेऊ नका. मंत्राला, उताऱ्याला थांबू नका. तोंडाच्या आत किंवा घशात चावली असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा.

एकाच वेळी पुष्कळ माश्या चावल्या असतील, तर माणूस बोलत-चालत असला तरी दवाखान्यात दाखवा. एवढं विष मूत्रपिंडावर येतं आणि त्याचा पत्ता दोन-तीन दिवसांनी लागतो. त्या दिवसांत लघवी कमी होते का, कोऱ्या चहासारखी काळपट होते का, याकडे लक्ष ठेवा. तसं दिसलं तर त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात जा, आणि माश्या कधी चावल्या, साधारण किती चावल्या, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.