जिभेखालची गोळी

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या मंगल प्रसंगी गर्दाचा विषय काढणे काहींस अप्रशस्त वाटेल. परंतु गुणवंतांचा सत्कार करणाऱ्या ज्ञातीने वाट चुकलेल्या मुलांचीही वास्तपुस्त करावी, असे आम्हांस वाटते.

गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. अफूचेच ते अपत्य. १९८०च्या दशकात मुंबईत ते पसरले, आणि आपल्या वसई-विरारपासून मुंबई ती किती दूर! सवय जडलेल्या शरीरास गर्द मिळाले नाही की अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. निव्वळ निर्धाराने यातून सुटणारे थोडे. म्हणून डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज जिभेखाली ठेवावयास देतात. गर्द मेंदूत जेथे आपला अंमल बसविते, तीच जागा ही गोळी अडविते आणि तळमळ शमविते. मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे तिचा अंमल चढत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. डोल व डॉ. निस्वांडर यांनी मेथाडोन या औषधाचा असाच उपचार १९६५ साली प्रसिद्ध केला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. सुईने नशा करणाऱ्यांसाठी हा उपचार आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातही आहे.

“एक व्यसन सोडवून दुसरे लावावयाचे काय?” असे पूर्वी आम्हीही म्हणत असू. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला. मुलगा गोळी घेऊन नियमित कामावर जात होता. लग्नाची बोलणी निघाली होती. “आधी गोळी बंद करा, मग मुलगी पाहा,” असे आम्ही सांगून बसलो. डॉक्टरांस कोणीच विचारले नाही. गोळी सुटली आणि काही आठवड्यांनी मुलगा पुन्हा गर्दाकडे वळला. मध्ये खंड पडला की शरीराची सहनशक्ती घटते. पूर्वीचीच मात्रा तेव्हा प्राण घेते. त्याच्या तेराव्यास त्या पित्यापुढे आमची मान वर झाली नाही.

मधुमेह्यास “गोळी कधी सोडणार?” असे आपण विचारीत नाही. मग या मुलांसच का विचारावे? गोळी केव्हा कमी करावयाची, हे डॉक्टरांनी ठरवावे. सोयऱ्यांनी नव्हे, शाळामास्तरानेही नव्हे. ज्ञातीने अशा घराशी बोलणे तोडू नये, त्याचे नाव चव्हाट्यावर आणू नये. दवाखान्यात जावयास सोबत नसेल, तर आम्हांस हाक मारावी. सकाळची गाडी गाठण्याइतके बळ आमच्या पायांत अजून आहे.