मासा धरून सोडून देण्याविषयी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, 'सॉफ्टवेअर सोडून कशावरही बोल.' आपल्या ग्रुपवर मी कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेला फोटो टाकला होता. त्यावर बहुतेकांचा एकच प्रश्न होता : गाइडला पैसे द्यायचे, दिवसभर उभं राहायचं आणि मासा मिळालाच तर सोडून द्यायचा, हा काय प्रकार आहे? प्रश्न रास्त आहे. आज उत्तर देऊन टाकते.

नदीचं नाव डेशूट्स, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली. भूगोलाच्या तासाला बाईंनी फळ्यावर सह्याद्री काढून पर्जन्यछाया शिकवली होती, आठवतंय? ढग घाटावरच रिकामे होतात आणि आपला माण कोरडा राहतो. तिथे सह्याद्रीच्या जागी कॅस्केड पर्वत आहे. त्याच्या पूर्वेला करडी झुडपं, बसाल्टचे कडे आणि अधूनमधून खुळखुळ वाजणारा साप. पण आपली माणगंगा उन्हाळ्यात आटते आणि ही नदी बारमाही, जवळजवळ एकाच पातळीने वाहते. खडक दोन्हीकडे लाव्हाचाच. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, घट्ट झालेला. तिथला तरुण आणि सच्छिद्र, त्यामुळे बर्फाचं पाणी त्यात मुरतं आणि झऱ्यांनी सावकाश बाहेर येतं. वाळवंटात थंड पाण्याचे मासे आहेत ते त्यामुळे.

मासा ट्राउट. त्यातली काही पिल्लं नदीतच राहतात आणि काही समुद्रात जाऊन, मोठी होऊन परततात. परतणाऱ्याला स्टीलहेड म्हणतात. जात एकच. (परदेशी गेलेल्यांनी हसू नये.) समुद्रापासून या नदीच्या मुखापर्यंत सव्वातीनशे किलोमीटर, वाटेत कोलंबिया नदीवरची दोन धरणं. परतीच्या वाटेवर तो फारसा खातही नाही. मग पिसं आणि दोरा गुंडाळलेल्या गळावर का झेपावतो, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

गाइड होडीतून नेतो, पण खालच्या पट्ट्यात होडीतून गळ टाकायला कायद्याने बंदी आहे. उतरून, शेवाळलेल्या दगडांवर पाय रोवून उभं राहावं लागतं. दोरी तिरकी फेकायची, प्रवाहाने ती किनाऱ्याकडे वळू द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायची. स्टीलहेडला हजार फेकींचा मासा म्हणतात. मला तीन हंगामांत एक मिळाला. गाइडला पैसे द्यायचे ते कोणत्या दगडामागे मासा विसावतो हे त्याला ठाऊक असतं म्हणून, आणि थांबायचं कधी तेही तोच सांगतो म्हणून. त्याच्या खिशात थर्मामीटर असतो. पाणी वीस अंशांपर्यंत तापलं की काठ्या गुंडाळायच्या, मग माझी सुट्टी वाया गेली तरी चालेल. गरम पाण्यात दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

मला इंजिनिअर म्हणून गुंतवलं ते धरणाने. १९६४ मध्ये नदीवर राउंड ब्यूट धरण पूर्ण झालं. वर जाणाऱ्या माशांची सोय होती. अडकली ती खाली येणारी पिल्लं. ती प्रवाहाच्या मागे जातात, पण तलावात तीन नद्यांचं पाणी मिसळतं. थंड पाणी तळाला जातं, आणि पृष्ठभागावरचा प्रवाह भलतीकडेच वळतो. पिल्लांना बाहेरची वाटच सापडेना, आणि १९६८ च्या सुमारास सगळा प्रयत्न सोडून दिला. चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, वरचं आणि तळाचं पाणी मिसळून घेणारा मनोरा उभारला, तेव्हा पृष्ठभागाचा प्रवाह धरणाकडे वळला. पिल्लं येऊ लागली. पण खाली सोडलेलं पाणी वसंतात पूर्वीपेक्षा उबदार झालं म्हणून गाइड लोक नाराज आहेत, आणि परतणारे मासे अजून थोडेच आहेत. एक दोष काढला की दुसरा डोकं वर काढतो, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना मी समजावून सांगायला नको.

२०२१ मध्ये तर इतके कमी मासे परतले की स्टीलहेडची मासेमारी बंदच ठेवली. गाइडचा ऐन हंगाम बुडाला. त्याने तक्रार केली नाही.

म्हणून सोडायचं. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. असा मासा नियमांत बसत असेल तर घरी नेता येतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली, तो पाण्याबाहेरही काढायचा नाही. माझ्या माशाचा पर शाबूत होता. ओल्या हातांनी शेपटीपाशी धरला, गळ सोडवला. तो थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग गेला.

एका मैत्रिणीने विचारलं होतं, 'त्याला त्रास होत नाही का गं?' होतो. सोडलेले काही मरतातही. नदीवरच्या शेरार्स धबधब्यावर वॉर्म स्प्रिंग्जचे आदिवासी लाकडी मचाणांवरून जाळ्याने मासे धरतात, ते खाण्यासाठी. १८५५ च्या तहाने त्यांचा तो हक्क राखला आहे. त्यांच्यापुढे माझी ही हौसच, हे मला मान्य आहे. पण या हौसेपायी मला त्या पाण्याचं तापमान माहीत असतं, मनोऱ्याच्या वादात कोण काय म्हणतं ते माहीत असतं, आणि जनसुनावणीत मी दोनदा बोललेही आहे. हौस नसती तर गेले नसते.

गळ, दोरा आणि कोंबड्याच्या मानेची पिसं आणली आहेत. जेवणानंतर माशी कशी बांधतात ते दाखवते. ज्यांचा चष्मा लागलाय त्यांनी तो घेऊन यावा.