मद्यपानाचे कायदेशीर वय आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त आयोजित कार्यक्रमात मानसोपचार विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी दारूचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु ज्या शहरात आपण ही सेवा करतो, त्या छत्रपती संभाजीनगरात हा विषय टाळून आरोग्याची चर्चा पूर्ण होऊ शकत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी मराठवाड्यातील हजारो घरांची चूल पेटती ठेवली, हे खरे. त्याच वसाहतींतून देशभर बिअर आणि मद्य जाते, हेही तितकेच खरे. २०१६ च्या भीषण दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० व नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला होता, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. दुसरीकडे विद्यापीठ, अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग यांसाठी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून तरुण मुले-मुली येथे येऊन खोल्या घेऊन राहतात. घरापासून प्रथमच दूर आलेले हे वय आणि सहज उपलब्ध असलेले मद्य यांची गाठ रोज पडते. म्हणून, तरुणांना मद्यपानाची मुभा कायद्याने कोणत्या वयात असावी, या वादाचा आज थोडा शांतपणे विचार करू.

प्रथम कायदा पाहू. मद्य हा आपल्या राज्यघटनेने राज्यांच्या अखत्यारीत ठेवलेला विषय आहे. घटनेच्या ४७ व्या कलमात आरोग्यास घातक अशा मादक पेयांना बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा आपल्याकडेही लागू झाला. संपूर्ण बंदी कालांतराने सैल झाली, पण कायद्याचा सांगाडा तोच राहिला. म्हणूनच आजही महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, ही गोष्ट पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. वयाची मर्यादा बिअरसाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे.

२०११ साली राज्य शासनाने व्यसनमुक्ती धोरण आणले, तेव्हा या २५ वर्षांच्या मर्यादेवरून मोठे वादळ उठले. अभिनेते इम्रान खान यांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. महाविद्यालयांतून, वृत्तपत्रांतून वाद रंगले. त्या वादातील प्रश्न आजही जिवंत आहेत. शेजारच्या गोव्यात ही मर्यादा १८ वर्षे आहे. केरळने २०१७ मध्ये ती २१ वरून २३ वर नेली, तर हरियाणाने २०२१ मध्ये २५ वरून २१ वर आणली. गुजरात व बिहार या राज्यांत तर दारूबंदीच आहे. सिंधुदुर्गातून गोव्याची हद्द ओलांडणारा एकोणीस वर्षांचा मुलगा एका पावलात गुन्हेगाराचा सज्ञान ग्राहक होतो. त्याचे यकृत मात्र तेच असते.

मर्यादा खाली आणावी असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे हेटाळण्याजोगे नाही. १९८९ पासून अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो. त्याच वयात वाहन चालविण्याचा परवाना मिळतो, करारावर सही करता येते, सैन्यात भरती होता येते. एकविसाव्या वर्षी मुलाचा विवाह होऊ शकतो. ज्याला संसार आणि देश सोपवता येतो त्याला स्वतःच्या पेल्याचा निर्णय का सोपवू नये, असा त्यांचा सवाल आहे. शिवाय जे उघडपणे मिळत नाही ते चोरून घेतले जाते, आणि चोरट्या मार्गाची दारू अधिक घातक असते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. ते बळी बहुतांशी गरीब कष्टकरी होते. वयोमर्यादेशी त्या घटनेचा थेट संबंध नव्हता. तरीही देखरेखीबाहेरच्या बाजाराचे रूप तिने दाखवून दिले.

आता वैद्यकाची बाजू. मेंदूचा पुढचा भाग, जो आवेगाला लगाम घालतो आणि परिणामांचा विचार करतो, तो वयाच्या पंचविशीच्या सुमारास पूर्णपणे परिपक्व होतो. त्याआधी सुखाची ओढ प्रबळ आणि लगाम ढिला, अशी अवस्था असते. अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की पंधराव्या वर्षापूर्वी पिण्यास प्रारंभ करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी मद्याच्या आहारी गेले. विसाव्या वर्षी वा त्यानंतर प्रारंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर पिऊ लागणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही अनेकदा वेगळी असते, हे लक्षात घेऊनही पहिला पेला जितका लांबेल तितके बरे, या निष्कर्षाबद्दल आम्हा डॉक्टरांत फारसा मतभेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही.

आपल्या देशाचे चित्रही पाहू. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. १० ते १७ या वयातील मुलांत हे प्रमाण १.३ टक्के आहे. टक्केवारी लहान दिसते. परंतु एवढ्या मोठ्या देशात तिच्यामागे लाखो दप्तरे आहेत.

इथे आपल्या कायद्यातील एका विसंगतीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. बिअरला २१ आणि तीव्र मद्याला २५ हा भेद ‘बिअर सौम्य असते’ या समजुतीवर उभा आहे. आपण हिशेब करू. बाजारातील ६५० मिलिलिटरच्या ‘स्ट्राँग’ बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते; म्हणजे एका बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की वा रममध्ये ते साधारण ४२.८ टक्के असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १३ मिलिलिटर. याचा अर्थ अशी एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची झाली. बावीस वर्षांच्या तरुणाने अशा दोन बाटल्या रिचवल्या, तर वयापुरता तो कायद्यात बसतो. चोवीस वर्षांच्या तरुणाने एक पेग घेतला, तर तो बसत नाही. यकृत बाटलीवरचे लेबल वाचत नाही. ‘बिअरच तर घेतली’ असे सांगणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायदा कठोर आहे. मग तो दिसत का नाही? १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. त्याआधी त्याला मद्यालयांत मद्य दिले गेल्याचा आरोप आहे. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा आम्हा सर्वच वैद्यकीय व्यावसायिकांच्या माना खाली गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत वरळीला मोटारीच्या धडकेत एका महिलेचा मृत्यू झाला. त्यातील आरोपीने पंचविशी पूर्ण केली नव्हती, आणि तो आधी ज्या मद्यालयात बसला होता त्यावर वयोमर्यादेच्या उल्लंघनाबद्दल उत्पादन शुल्क विभागाने कारवाई केली. ही कारवाई योग्यच होती. पण ती मृत्यूनंतर झाली. जन्मतारखेचा दाखला गल्ल्यावर पाहायचा असतो. तो शवविच्छेदनानंतर पाहून काय उपयोग?

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९७० च्या दशकात तेथील अनेक राज्यांनी ही मर्यादा खाली आणली आणि रस्त्यांवर तरुणांचे अपघात वाढले. १९८४ च्या कायद्याने २१ पेक्षा कमी वय ठेवणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली, आणि १९८८ पर्यंत सर्व राज्यांत २१ ही मर्यादा आली. अपघाती मृत्यू घटले. मात्र तेथे दुकानदार ओळखपत्र मागतो आणि न मागितल्यास त्याचा परवाना धोक्यात येतो. आपल्याकडे शासनाला एका हाताने व्यसनमुक्ती करायची असते आणि दुसऱ्या हाताने महसूल गोळा करायचा असतो. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरील शुल्क वाढविले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा व्यक्त झाली. दर वाढल्याने पिणे काहीसे कमी होते, हा त्यातला लाभ मी नाकारत नाही. पण त्या उत्पन्नाचा किती अंश उपचारांकडे वळतो, हा प्रश्न नागरिकांनी विचारला पाहिजे.

माझे स्वतःचे मत थोडक्यात मांडतो. बिअर आणि तीव्र मद्य यांतील भेद काढून सर्व मद्यांसाठी २१ ही एकच मर्यादा असावी आणि ती गल्ल्यावर ओळखपत्र पाहून काटेकोरपणे पाळली जावी. कागदावरच्या पंचविशीपेक्षा पाळली जाणारी एकविशी अधिक मुले वाचवील. शिक्षेचा रोख पिणाऱ्या मुलावर नसून विकणाऱ्यावर असावा. अन्यथा रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते. अठरा वर्षांखालील बालकास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही बाल न्याय कायद्यातील तरतूद प्रत्येक मद्यविक्रेत्याच्या भिंतीवर लावली गेली पाहिजे. माझ्या या मताशी आपल्यापैकी अनेक जण सहमत नसतील. पंचविशीच राहावी, असे म्हणणाऱ्यांच्या मनातील काळजी माझ्याही मनात आहे.

मर्यादा कोणतीही ठरो, तिची एक बाजू रुग्णालयातच दिसते. कायद्याच्या भीतीने मित्र बेशुद्ध मित्राला दवाखान्यात आणत नाहीत. खोलीवर झोपवून ठेवतात, लिंबूपाणी पाजतात, सकाळची वाट पाहतात. हे प्राणघातक ठरू शकते. अशा व्यक्तीला कुशीवर वळवून ठेवावे, तोंडाने काहीही देऊ नये, एकटे सोडू नये आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उताणे झोपलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊन क्षणात प्राण जाऊ शकतो. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास अडकवून ठेवता येत नाही, असे संरक्षण मोटार वाहन कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीपासून दिले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मद्याच्या दुरुपयोगातून उद्भवणाऱ्या मानसिक स्थितींचाही समावेश आहे आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे. हे मुलांपर्यंत पोचले, तर काही जीव निश्चित वाचतील.

पालकांना एवढेच सांगतो, की मुलाच्या तोंडाला वास आला त्या रात्री प्रवचन नको आणि मारही नको. त्या रात्री त्याच्याजवळ बसा. बोलणे दुसऱ्या दिवशी करा. घरात वडीलधाऱ्यांचा पेला उघडपणे चालतो तिथे मुलाला दिलेला उपदेश पालथ्या घड्यावरचे पाणी ठरतो. आणि व्यसन जडलेच, तर ते कलंक म्हणून न लपवता आजार म्हणून उपचाराला आणा. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’ने ही दृष्टी महाराष्ट्राला दिली आहे.

विश्वस्त मंडळापुढे आमच्या विभागाने एक प्रस्ताव ठेवला आहे. पंचवीस वर्षांखालील तरुणांसाठी आठवड्यातून दोन सायंकाळी स्वतंत्र बाह्यरुग्ण सेवा, एक पूर्णवेळ समुपदेशक आणि वसतिगृहांत जाऊन बोलणारा एक कार्यकर्ता, एवढीच त्यातील मागणी आहे. मोठ्या यंत्रासाठी देणगी मागणे सोपे असते, कारण यंत्र दाखवता येते. न घडलेला अपघात दाखवता येत नाही. त्याची कोनशिला बसत नाही. तरीही देणगीदारांनी या अदृश्य कामाला हातभार लावावा, अशी नम्र विनंती करतो.

वय ठरवणे विधिमंडळाचे काम आहे आणि ते पाळून घेणे शासनाचे. परंतु चुकलेल्या मुलाला रात्री कोणत्याही वेळी निर्भयपणे येता येईल असे एक दार या शहरात उघडे ठेवणे, हे आपले काम आहे.