ओला चमचा



रेडिओवर मला दहा मिनिटं मिळाली आहेत. विषय दिलाय 'वीज आणि नळाशिवायचं घर'. सौर दिवा, पागोळीचं पाणी, निर्धूर चूल, सगळ्याबद्दल थोडं थोडं सांगा, असं मला बजावलंय. पण दिव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी संडासावर बोलणार आहे. कुणी जेवत असेल तर त्याने जेवून घ्यावं. मात्र मी थांबणार नाही, दहातलं अर्धं मिनिट इथेच संपलं.

आम्ही कातळावर राहतो. राजापूरच्या बाजूचा कातळ ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. जूनपासून चार महिने हिरवागार, पुढे सगळा तवा. विहीर खाली घाटीत. वर यायला एकशे दहा पायऱ्या, मी मोजल्यात, हंडा डोक्यावर असला की मोजल्या जातातच. आता पाण्याच्या संडासाला एका माणसाला एका वेळी अर्धी बादली तरी लागते. घरात चार माणसं. म्हणजे रोज दोन-तीन हंडे नुसते ओतायला वर आणायचे! शिवाय जांभा दगड चाळणीसारखा. कातळात खड्डा खणायचा म्हणजे सुरुंगाचं काम, आणि खणलाच तर पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी झिरपत झिरपत जाणार कुठे? त्याच घाटीतल्या विहिरीत. म्हणून आमच्याकडे अठरा वर्षं कोरडा संडास आहे, खताचा.

तो बांधायचा कसा हे तुम्हांला माहीत आहे असं धरते. चिऱ्याच्या दोन टाक्या, जमिनीच्या वर, वापरायची एक आणि मुरायला ठेवायची एक. लघवीला पुढे वेगळी पन्हळ. धुण्यासाठी बाजूला वेगळी मोरी, तिचं पाणी अळवाला. मागे हवेची नळी, तिच्या तोंडाला डासांची जाळी. एवढं कुठलाही गवंडी करून देतो. गवंडी जे सांगत नाही ते मी सांगणार आहे, आणि ते एकच आहे: आत पाणी जाता कामा नये, आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, वर करवंटीभर कोरडं पडलं पाहिजे.

माझ्या घरचे म्हणतात, रेडिओवर हे उदाहरण देऊ नकोस. पण मला दुसरं सुचत नाही. हे लोणच्यासारखं आहे.

हसू नका. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला तर आपली आई काय करायची? माझी आई तो चमचाच हातावर मारायची. एका ओल्या चमच्याने वर्षाचं लोणचं जातं. बरणी उन्हात वाळवून घ्यायची, फोडी पुसून घ्यायच्या, वर तेलाचा थर हवा, तोंडाला दादरा बांधायचा, आणि जुनं संपेपर्यंत नवी बरणी उघडायची नाही. आमच्या संडासाचे नियम हेच. टाकी वापरात घेण्याआधी तळाला वीतभर पातेरा, म्हणजे सुका पाला, ती वाळवलेली बरणी. वर कोरड्याचा थर, ते तेल. नळीच्या तोंडाची जाळी, तो दादरा. दोन टाक्या म्हणजे दोन बरण्या, गेल्या वर्षीची आणि यंदाची. आणि मुरायला वेळ द्यायचा. बरणीत रोज डोकावलं म्हणून कैरी लवकर मुरत नाही.

कोरडं कशासाठी, ते सांगते. नाक झाकायला नव्हे. तसं असतं तर मी उदबत्ती लावली असती. मैला कुजायचा तर त्यात नत्र फार आणि कर्ब कमी. नत्राच्या एका भागाला तीस भाग कर्ब असला की कुजवणारे जीव खूश असतात. मैल्यात तो सहा ते दहा, लघवीत एकाहूनही कमी. लाकडाच्या भुशात मात्र शेकड्यांनी. म्हणून पातेरा, भाताचं तूस, सुताराकडचा भुसा, नारळाच्या सोडणांचा चुरा, काहीही चालेल, पण घालायचं. दुसरं, कोरड्यामुळे ढीग भुसभुशीत राहतो, आत हवा खेळते. ओल झाली की हवा बंद. हवा बंद झाली की कुजवणारे जीव बदलतात, दुसरेच येऊन बसतात आणि वास सुटतो. थोडक्यात, नीट चाललेल्या कोरड्या संडासाला पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. तुमच्याला घाण येत असेल तर संडासाला बोल लावू नका, करवंटी कोण विसरतंय ते बघा.

वासावरून निदानही होतं. डोळ्यांत झोंबणारा उग्र वास आला तर लघवी आत जातेय, कोरडं कमी पडतंय. सडक्या अंड्याचा आला तर पाणी गेलंय, हवा कोंडलीय. दोन्हींचं औषध एकच. कोरडं. फिनेल नव्हे! फिनेल ओतणाऱ्यांना मी हात जोडते. जे जीव आपलं काम फुकटात करताहेत त्यांनाच मारून वर वास का गेला नाही म्हणून विचारता?

आता ओल्या चमच्याची गोष्ट. माझा भाचा मुंबईहून जुलैत आला. गुणी मुलगा. पहिल्याच सकाळी बाहेर येऊन मला म्हणाला, "आत्या, तुम्ही पाणी ठेवायला विसरलात, पण मी मोरीतल्या दोन बादल्या ओतून सगळं स्वच्छ केलं." स्वच्छ! त्या दोन बादल्यांनी माझी पाच महिन्यांची बरणी बुडाली. चौथ्या दिवशी वास, आठव्या दिवशी माश्या, आणि बाहेर पाऊस कोसळतोय, कोरडं आणायचं कुठून? माळ्यावर तुसाची तीन पोती होती ती सगळी आत गेली. काठीने ढवळत बसलो. सव्वा महिन्याने ढीग पुन्हा भुसभुशीत झाला. भाच्याची चूक नव्हती. चूक माझी, मी पाहुण्याला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दाराच्या आत पाटी आहे, 'आत पाणी नको, करवंटीभर कोरडं घाला'. पाहुणा दाराशी चपला काढतो ना, तशीच मी ती वाचून घेते. मोठ्याने. कितीही मोठा पाहुणा असो.

स्वतःचीही चूक सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई दुसऱ्यांनाच बोलते. पहिली दोन वर्षं मी नुसती चुलीतली राख टाकत होते. वास नाही, माशी नाही, मी खूश. वर्षाने टाकी उघडली तर आत सगळं वाळून ढेकळं झालेलं, कुजलेलं काहीच नाही. राख कोरडं करते, जंतूंना जड जाते, पण तिच्यात कुजायला काही नसतं. लोणच्यात नुसतंच मीठ घातल्यासारखं झालं. म्हणजे राख हवी, पण मुठीने. करवंटीत पातेराच. आणि अगदीच कोरडंठाक झालं तरी काम थांबतं. पिळलेल्या फडक्याइतकी ओल आपोआप राहते, तेवढी पुरे. पण ही पुढची गोष्ट झाली. आपल्याकडे शंभरात नव्व्याण्णव वेळा चूक ओलीची असते, कोरड्याची नाही. म्हणून कोरडंच लक्षात ठेवा.

आता हंगामाचं बोलते. मे महिन्यात तुम्ही आगोट भरता. तांदूळ, मिरच्या, सुकी मासळी, पापड, फाटी. त्यात पातेऱ्याची पोती किती? एकही नाही! आणि मग जुलैत म्हणता, कोरडा संडास कोकणात चालत नाही, आमच्याकडे हवाच दमट. हवा दमट आहे म्हणून तर साठा हवा. लोणचंही त्याच महिन्यात घालतो ना आपण? फणसाखाली, आंब्याखाली, सागाखाली आत्ता पातेरा पडलाय. तो पेटवून देऊ नका. चार माणसांच्या घराला पावसाळ्यापुरती वीस पोती मी धरते. उन्हात खडखडीत वाळवून, तोंड बांधून माळ्यावर. हे काम फाल्गुन-चैत्राचं. आषाढात आठवण झाली तर काही उपयोग नाही, आषाढात मीही तुम्हांला मदत करू शकत नाही.

मुरण्याचं राहिलं. टाकी भरली की चिखलात चिरे लावून मागचं तोंड बंद करायचं आणि त्यावर तारीख लिहायची, खडूने नको, पावसात जाते. आपल्या उष्ण हवेत निदान एक वर्ष हात लावायचा नाही. जंतांची अंडी फार चिवट असतात, महिनोन्महिने जगतात. म्हणून एक वर्ष, आणि शंका असली तर दीड. लडाखमध्ये पारंपरिक घरांत असा दुमजली कोरडा संडास असतो, वर भोक, खाली कोठी, शेजारी मातीचा ढीग नि फावडं. वरून माती लोटायची आणि पुढे ते खत सातूच्या शेतात. तिथे गारठ्यात कुजायला वेळ जास्त लागतो, आपल्याला सूर्याने सवलत दिलीय. ते लोक एवढ्या उंचावर, एवढ्या थंडीत फावडंभर माती टाकायला विसरत नाहीत, आणि आपल्याला करवंटी उचलवत नाही?

आणि उपसायचं कुणी? हा प्रश्न मला दर वेळी हळू आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने देते. आपण. ज्या घराचं त्या घराने. मजूर बोलवायचा नाही, चार पैसे जास्त देऊनही नाही. पिढ्यान् पिढ्या आपण हे काम कुणाच्या माथी मारलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2013च्या कायद्यात मैला पूर्ण कुजण्याआधी माणसाला तो हाताने हाताळायच्या कामाला लावण्यावर बंदी आहे. पूर्ण कुजण्याआधी, हे शब्द नीट ऐका. म्हणजे कायदाही मुरण्याचीच भाषा बोलतो. मुरलं की ते मैला राहत नाही, ती माती असते. काळी, हलकी, हाताला न चिकटणारी. आपले जुने लोक तिला सोनखत म्हणायचे, आणि तो शब्द काही चेष्टेने पडलेला नाही.

आपल्याच मुलखात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपवास केला, कशासाठी? मला सफाईचं काम करू द्या म्हणून. त्यांच्यासाठी तिकडे येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे 1948मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. खताचा गोपुरी संडास म्हणतात तो तिथला. अप्पांना आपण कोकणचे गांधी म्हणतो, जयंतीला हार घालतो. त्यांचा संडास मात्र फारसा कुणी उचलला नाही. हार घालणं सोपं, त्यात करवंटी उचलावी लागत नाही.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं. लघवीचं सांगायचं होतं, खरं नत्र तर तिच्यातच असतं, दहापट पाणी घालून केळीच्या बुंध्याला दिलीत तर... ते पुन्हा कधी बोलावलंत तर. खत कुठे घालावं, एवढं मात्र सांगते. नारळ, आंबा, काजू, फुलझाडं. बुंध्यापासून दूर, मातीखाली. पालेभाजीला आणि मुळ्या-गाजराला नको. आणि लोणच्याचं उदाहरण एका जागी चुकतं, तेही सांगायला हवं. लोणच्यात आपण जीव वाढू देत नाही, इथे ते वाढवायचे असतात, म्हणजे खरं तर हे विरजणाला जास्त... नाही, राहू दे. आता एक बोट दाखवताहेत.

दिव्याबद्दल एक वाक्य बोलते, नाहीतर विषय सोडला म्हणतील. आमच्या संडासात एक छोटा सौर दिवा आहे. तो कोनाड्यात पोत्यावर बसवलाय. रात्री आत गेलं की आधी करवंटी दिसते, मग बाकीचं.

तर या रविवारी एवढंच करा. संडास नंतर बांधा, गवंडी पळून जात नाही. आधी दोन पोती पातेरा गोळा करून वाळत घाला, आणि एक मोठी करवंटी घासून कोरडी करून ठेवा. कोरडी, हं.