नाव कुणाचं, मोजदाद कुणाची
(अभ्यासवर्गातल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, पोटगी, रेशन, मारहाण हे आपले रोजचे विषय बाजूला ठेवून आज मी तारे पाहणाऱ्या बायांबद्दल बोलणार आहे. पण खरा विषय ताऱ्यांचा नाही, मोजण्याचा आहे. घरात राबणारी बाई जनगणनेत ‘काम न करणारी’ ठरते, हे आपण किती वर्षं सांगतो आहोत! शिकलेल्या, संशोधन करणाऱ्या बाईचं काम मोजतानाही काय काय गळतं, ते आज पाहू.

आधी पद्धत समजून घेऊ. शोधनिबंध लिहिताना ज्यांच्या कामाचा आधार घेतला, त्यांचा उल्लेख करायचा असतो. एका निबंधाचा असा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून त्याचा प्रभाव ठरवतात. खगोलशास्त्रात हे सोपं आहे, कारण नासाच्या पैशातून १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या एका संगणकीय सूचीत या विषयाचं बहुतेक लिखाण एकत्र सापडतं. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-निर्देशांक’ सुचवला. तुमच्या दहा निबंधांचे प्रत्येकी निदान दहा उल्लेख झाले असतील, तर तुमचा आकडा दहा. एकच निबंध लिहिला आणि त्याचे हजार उल्लेख झाले, तरी आकडा एक! नेमणूक, बढती, अनुदान देताना हा आकडा पाहिला जातो.

आता हेन्रिएटा लेव्हिटचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्र-पट्ट्यांवर ताऱ्यांची तेजस्विता मोजण्यासाठी बायका नेमल्या होत्या. त्यांना ‘कॉम्प्युटर’, म्हणजे गणन करणाऱ्या, म्हणत. लेव्हिटला तासाला ३० सेंट मिळत. १९०८ मध्ये तिने मॅजेलन मेघांमधल्या १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांची यादी स्वतःच्या नावाने छापली. त्यातल्या काहींबाबत तिच्या लक्षात आलं, की तारा जितका तेजस्वी, तितका त्याच्या चढउताराचा काळ मोठा. १९१२ मध्ये २५ तारे घेऊन तिने हे नीट मांडलं. त्या पत्रकाखाली सही मात्र वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिटने तयार केला आहे, एवढं पहिल्या वाक्यात नोंदवलेलं आहे.

या नियमाने आकाशात अंतर मोजण्याची पट्टी हाती आली. याच जातीचे तारे देवयानी दीर्घिकेत सापडल्यावर हबलने १९२० च्या दशकात दाखवून दिलं, की ती आपल्या आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेर आहे. लेव्हिट १९२१ मध्येच वारली होती. १९२५ मध्ये मिटॅग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञाने नोबेलसाठी तिचं नाव सुचवावं म्हणून पत्र पाठवलं, ते ती गेल्यानंतर पोचलं. तिचा एच-निर्देशांक काढून काय कळणार? कुठल्या प्रश्नावर काम करायचं हे तिच्या हातात नव्हतं. पिकरिंग तिला दुसरंच मोजमापाचं काम देत. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात गेला, की मूळ लेखाचा उल्लेख करायची गरज कुणाला वाटत नाही. काम जितकं पायाभूत, तितकं ते दिसेनासं होतं.

सेसिलिया पेनचं नुकसान वेगळ्या वाटेने झालं. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत, हे तिने १९२५ च्या प्रबंधात आकडेमोड करून काढलं होतं. हेन्री रसेल या त्या काळच्या मातब्बर शास्त्रज्ञाला हे अशक्य वाटलं, आणि तिने प्रबंधात लिहिलं, की हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा. १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला आले. त्यांनी तिच्या कामाचा उल्लेख केला, हे सांगायला हवं, पण श्रेय पुष्कळ काळ त्यांच्याकडे राहिलं. तिने हार्वर्डमध्ये शिकवलेले वर्ग १९४५ पर्यंत तिथल्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत छापलेसुद्धा जात नव्हते. १९३४ मध्ये लग्न झाल्यावर ती पेन-गापोश्किन झाली, म्हणजे सूचीत नावं दोन. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

आकडे टाकून द्या, असं मात्र मी म्हणत नाही. जोसलिन बेलने १९६७ मध्ये, विद्यार्थिनी असताना, रोज सुमारे तीस मीटर आलेखाचा कागद डोळ्यांखालून घालून पल्सारची पहिली खूण पकडली. १९६८ च्या निबंधावर पाच नावं होती, मार्गदर्शक ह्यूइश यांचं पहिलं, तिचं दुसरं. त्या निबंधाचा प्रत्येक उल्लेख आज तिच्याही खात्यावर पडतो. १९७४ चं नोबेल मात्र ह्यूइश आणि राइल यांना मिळालं. इथे सूची पुरस्कार-समितीपेक्षा न्यायी निघाली.

आकड्यांनीच आपल्याला पुरावाही दिला आहे. २०१७ मध्ये तिघा संशोधकांनी १९५० ते २०१५ मधले खगोलशास्त्राचे दोन लाखांहून अधिक निबंध तपासले. लेखकाचा अनुभव, साल, नियतकालिक, सहलेखकांची संख्या असे फरक हिशेबात धरूनही, पहिलं नाव बाईचं असलेल्या निबंधांना अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के कमी उल्लेख मिळाले होते. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण उल्लेख कमी म्हणून अनुदान कमी, त्यामुळे पुढचे निबंध कमी, असं ते वर्षानुवर्षं साचत जातं.

आणि आपलं काय? वस्तीत दारोदार फिरून माहिती गोळा करणारी कार्यकर्ती अहवालात कुठे असते? आभाराच्या शेवटच्या ओळीत, तीही ‘आणि इतर सहकारी’ म्हणून. माझी सूचना अशी आहे, की पुढच्या पाहणीपासून प्रश्नावली कुणी केली, मुलाखती कुणी घेतल्या, तक्ते कुणी भरले, हे नावानिशी पहिल्या पानावर छापावं. यावर काहीजणींचं मत वेगळं आहे, मला माहीत आहे. श्रेयाची भाषा चळवळीत नको, असं त्यांना वाटतं. त्यांनी आधी बोलावं, मग बाकीच्यांचे प्रश्न घेऊ.