दूरचा पट

बुद्धिबळ मी शिकलों तें वडिलांकडून, आणि तेंही देशी पद्धतीचें. त्या डावांत प्यादें एका वेळीं एकच घर सरकतें, आणि किल्लेकोटाऐवजीं राजाला एकदां घोड्याच्या चालीची सवलत असते. सेवानिवृत्त झाल्यावर आकुर्डीच्या घरीं तोच जुना पट पुन्हां काढला. पण समोर बसावयाला कोणी मिळेना. आमच्या भागांत माणसांची वाण नाहीं. वाण आहे ती एकाच वेळीं मोकळ्या असलेल्या दोन माणसांची. भोसरीपासून चाकणपर्यंत कित्येक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. शेजारचे गृहस्थ रात्रपाळी उरकून निजतात तेव्हां माझा सकाळचा चहा होत असतो. मला झोंप येऊं लागते तेव्हां ते डबा घेऊन बसच्या वाटेला लागतात.

ही अडचण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सोडविली. तो चाकणच्या एका कारखान्यांत आहे. एकदां भेटला असतां म्हणाला, "सर, मोबाईलवर खेळूं या. एका खेळीला तीन दिवसांची मुदत ठेवूं. तुम्ही सकाळीं खेळा, मी पाळी सुटल्यावर पाहीन." पूर्वीं हौशी लोक पोस्टकार्डावर खेळी लिहून पाठवीत, हें मला ठाऊक होतें. त्यामुळें कल्पना रुचली.

आम्ही खेळतों तें ठिकाण 'लीचेस' या नांवाचें. थिबो द्युप्लेसी नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं तें २०१० सालीं सुरू केलें. तेथें वर्गणी नाहीं, जाहिरात नाहीं. खर्च देणग्यांवर चालतो. मला प्रथम संशय आला. कांहीं फुकट मिळूं लागलें कीं आमच्या पिढीचा हात आधीं खिशाकडे जातो. शिवाय खेळाच्या नांवाखालीं पैसे लावून घरें बुडविणारे प्रकार आपण पाहिले आहेत; ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो उगाच नव्हे. येथें तसें कांहीं नाहीं.

पहिले अकरा डाव मी ओळीनें हरलों. एकदां तर त्याचें प्यादें माझ्या प्याद्याच्या मागच्या रिकाम्या घरांत तिरपें शिरलें, आणि माझें प्यादें नाहींसें झालें! मीं लगेच दूरध्वनीवरून "हा काय चावटपणा?" असें विचारलें. आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे, हें त्यानें फार नम्रपणें सांगितलें.

मग त्यानें मला तेथील भांडार दाखविलें. तेथें लक्षावधि कोडीं आहेत. तीं कोणा पंडितानें बसून रचलेलीं नव्हेत. तुमच्याआमच्यासारख्यांच्या खऱ्या डावांतून यंत्र तीं वेंचतें, आणि सोडविणाऱ्यांच्या यशापयशावरून त्यांची कठिणता ठरते. आरंभींच्या खेळ्यांची एक सूची आहे. अमुक खेळी किती डावांत झाली व त्यांतले पांढऱ्यानें किती जिंकले, हें तींत दिसतें. सामाईक वहीसारखीही सोय आहे: एकानें डाव मांडावा, दुसऱ्यानें टीप लिहावी. डावाचें पृथक्करण करणारें 'स्टॉकफिश' तेंही विनामूल्य, आणि त्याच्या चांचण्या जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर चालवितात. मराठी शब्दसुद्धां हौशी मंडळींनींच घातलेले आहेत. कांहीं जागीं माझ्यांतला मास्तर लाल पेन्सिल शोधूं लागतो, तो दोष संवयीचा.

खेळाडूंनीं जमून खेळ वाढवावा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकरांनीं १९४१ मध्यें नूतन बुद्धिबळ मंडळ उभें केलें. पण मंडळांत जावयाला मोकळा दिवस लागतो. १९९९ सालीं तर गॅरी कास्पारॉव्ह यांच्याविरुद्ध ७५ हून अधिक देशांतील ५०,००० हून अधिक माणसें आंतरजालावर मिळून एकच डाव खेळलीं. खेळी मतदानानें ठरे, आणि इरिना क्रश या पंधरा वर्षांच्या मुलीच्या टिपणांवर मतदारांचा फार भरंवसा असे. चार महिन्यांनीं, ६२ खेळ्या होऊन, कास्पारॉव्ह जिंकले.

आतां जें सांगावयाचें तें जरा जड आहे. मुदतीच्या डावांत पुस्तक पाहण्याची, ती सूची चाळण्याची मुभा आहे. यंत्राला विचारण्याची नाहीं. बाराव्या डावांत माझी बाजू बरी होती, पण मार्ग सुचेना. चालू डावावर लीचेस यंत्राचें साह्य देत नाहीं. म्हणून मीं नातवाच्या मोबाईलवर दुसऱ्या एका ठिकाणीं तीच मांडणी मांडली. उत्तर क्षणांत आलें: हत्ती द्यावा. मीं दिला. दोन दिवसांनीं त्यानें डाव सोडला, आणि खालीं लिहिलें, "सर, सुंदर!"

त्या एका शब्दानें माझी झोंप गेली. याच मुलाच्या बाकाखालून सहामाहीला मीं एकदां चिठ्ठी काढली होती, आणि त्याला तासभर वर्गाबाहेर उभें केलें होतें. पुस्तकांत पाहिलें तर तें माझ्या डोक्यांतून जातें. यंत्रानें सांगितलेली खेळी नुसती माझ्या बोटांतून गेली होती.

त्याच्या सुटीच्या दिवशीं त्याला जेवावयास बोलाविलें आणि हात धुण्यापूर्वींच सांगून टाकलें. तो म्हणाला, "सर, मला तेव्हांच कळलें होतें. तुम्ही हत्ती कधीं देत नाहीं."

"मग बोललास कां नाहींस?"

"तुम्ही सांगाल, म्हणून थांबलों."

जेवण झाल्यावर त्यानें तो डाव सामाईक वहींत मांडला, यंत्र बंद ठेविलें, आणि तो हत्ती कां द्यावयाचा हें आम्हीं दोघांनीं शोधावयास घेतलें. त्या दिवशीं उलगडलें नाहीं. पुढें आठवडाभर तो पाळीवरून सुटतांना एकेक टीप लिही, मी सकाळीं तिला उत्तर देईं. अखेर सातव्या दिवशीं, भाजी निवडतां निवडतां, मला उंटाची तिरपी रेघ दिसली. तो डाव आम्ही हिशेबांत धरीत नाहीं. सध्यां तेरावा चालू आहे. खेळी त्याची आहे, मुदत उद्यां सायंकाळपर्यंत, आणि या आठवड्यांत त्याची रात्रपाळी आहे.